एक माणूस उशिरा

गार्गीच्या साखरपुड्यात आपण एकाही माणसाशी चुकीचं बोलायचं नाही, असं मुलुंडच्या श्यामकांत वर्द्यांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

एरवी ते काही न ठरवता चुकीचं बोलत. मागच्या वर्षी एका बारशाला त्यांनी शुभाच्या मावशीला मोठ्या प्रेमाने विचारलं, "काका नाही आले?" (त्याच काकांच्या तेराव्याला श्यामकांतनी लाडू दोनदा मागून घेतले होते.) तेव्हापासून शुभाचा नियम होता, "अहो, समारंभात तुम्ही फक्त हसा. तेही फार नको."

पण श्यामकांतचा मोबाईलच्या भविष्यावर गाढ विश्वास होता. विमा कंपनीच्या ऑफिसात डबा खाताना ते सांगत, "थोडी वर्षं जाऊ द्या. मोबाईल हातात धरावाच लागणार नाही. बाजारात तो कानात सांगेल, भेंडी जून आहे, पुढे चला. डॉक्टरकडे निघालात तर सांगेल, नुसतं पित्त आहे, घरी जा. आणि बायको 'काही नाही' म्हणाली, तर नक्की काय आहे तेही सांगेल." हे शेवटचं कधी येणार, याची चौकशी सगळं ऑफिस करत असे.

साखरपुड्याच्या आठवडाभर आधी त्यांना एक अॅप सापडलं. मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवायचा, कॅमेरा तेवढा बाहेर डोकावू द्यायचा आणि कानात इअरबड घालायचा. समोर माणूस आला की अॅप त्याचा चेहरा ओळखणार आणि त्याच्याबद्दल भरून ठेवलेली माहिती कानात सांगणार.

"गार्गी, तिकडच्या माणसांचे फोटो आणि माहिती तू भर."

"भरते बाबा. अनयकडून सगळं विचारून घेते. पण एकदा वाचून तरी बघा ना."

"मीच वाचायचं, तर मग तंत्रज्ञान कशाला?"

शुभा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "काही नाही."

सामंतांच्या घरात, म्हणजे गार्गीच्या होणाऱ्या सासरी, शब्द चाले तो अनयच्या आत्याचा. रत्नप्रभाआत्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न न करता त्यांनी तीन भाऊ शिकवून मार्गाला लावले होते. वर्द्यांना त्या आज साखरपुड्यातच पहिल्यांदा बघणार होत्या. याआधी एका पुतण्याचं जमलेलं लग्न त्यांनी, मुलीचे वडील शिंकताना तोंडावर हात घेत नाहीत, एवढ्यावरून मोडलं होतं. त्यामुळे गार्गीने सकाळीच बाबांच्या पँटच्या खिशात दोन रुमाल ठेवले होते.

बोरिवलीचा हॉल तळघरात होता. एसी झकास होता, पण रेंज जेमतेम. त्यामुळे खिशातला मोबाईल माणसं ओळखत होता बरोबर, फक्त सांगत होता एक माणूस उशिरा. श्यामकांतना याचा पत्ताच नव्हता.

अनय एकेकाची ओळख करून द्यायला लागला. "बाबा, ही रश्मीवहिनी."

कान गप्प. श्यामकांतनी नुसता नमस्कार केला. शुभाच्या मनात आलं, अरे वा!

"आणि हे अंबादासकाका. पोलिसात होते."

काकांची मिशी दमदार आणि पोट त्याहून दमदार. त्याच क्षणी कानात आवाज आला, 'सातवा सुरू आहे. जपायला सांगावे.'

"सातवा लागला ना?" श्यामकांत मायेने म्हणाले. "जपा हं. जड उचलू नका, आणि डाव्या कुशीवर झोपत जा."

काकांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग श्यामकांतकडे पाहिलं. आयुष्यभर भल्याभल्यांकडून कबुलीजबाब घेतलेल्या या माणसाने गुपचूप पोट आत ओढून घेतलं. तोवर अनयने घाईघाईने रत्नप्रभाआत्यांना पुढे आणलं.

'तंबाखू सोडली आहे. अभिनंदन करावे.'

"तुम्ही तंबाखू सोडलीत म्हणे!" श्यामकांत सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "मनापासून अभिनंदन!"

गार्गीने डोळे मिटून घेतले. शुभाने जवळची खुर्ची धरली. आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पर्स छातीशी धरून त्या पुटपुटल्या, "तंबाखू नाही हो, मशेरी. ती पण फक्त सकाळची. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ताई!" अंबादासकाकांना अखेर वाचा फुटली. "तू मशेरी लावतेस? शाळेत पोरांचे खिसे तपासायचीस ना गं?"

"दातांसाठी असते ती, अंबादास!"

हा गोंधळ मिटायच्या आत अनयचे आईवडील, वनमालाताई आणि चंद्रप्रकाश, हात जोडून समोर आले. कानात आवाज आला, 'लग्न झालेले नाही. तो विषय काढू नये.'

श्यामकांत चपापले. वनमालाताईंच्या गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र होतं. पण मोबाईल खोटं कशाला बोलेल? विषय काढायचा नव्हता, पण मनाचा मोठेपणाही दाखवायला हवा होता. ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मनात काही आणू नका. आम्ही जुन्या विचारांचे नाही. शेवटी मनं जुळणं महत्त्वाचं. विधी काय, कागद काय..."

"कसले विधी?" वनमालाताईंनी विचारलं.

"तुमचे... म्हणजे न झालेले."

चंद्रप्रकाश शांतपणे म्हणाले, "बत्तीस वर्षं झाली हो आमच्या लग्नाला. आल्बम आहे घरी."

गार्गी झटकन पुढे आली. तिने बाबांच्या कानातला इअरबड काढून स्वतःच्या कानात घातला. समोर गुरुजी ताम्हन पुसत उभे होते आणि कानात आवाज येत होता, 'मुलाची आई. साडीचे कौतुक करावे.'

"वाट लागली!" ती म्हणाली. "बाबा, हा एकाचं दुसऱ्याला सांगतोय!"

मग रडवेल्या आवाजात तिने सगळ्यांना सगळं सांगितलं. सातवा महिना रश्मीवहिनीचा, तंबाखू काकांची, लग्न न केलेल्या आत्या. श्यामकांत मान खाली घालून उभे होते. लेकीचं ठरलेलं लग्न आपण मोडलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांना चक्क रडू यायला लागलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी समारंभात बोलतच नसतो. आज पोरीसाठी म्हणून बोललो."

आधी अंबादासकाकांचं पोट हलायला लागलं. मग मिशी हलली आणि मग त्यांच्या हसण्याने हॉल दणाणला. रश्मीवहिनीला तर हसता हसता खाली बसवावं लागलं. वनमालाताईंनीही तोंडाला पदर लावला. पण सगळ्यांची नजर होती ती आत्यांवर.

आत्यांनी पर्सची चेन नीट लावली, चष्मा पुसला आणि त्या गुरुजींकडे वळल्या.

"गुरुजी, सुरू करा," अखेर त्या म्हणाल्या. "मुलगी आम्हाला पसंत आहे. वडील असे असले ना, की मुली फार हुशार निघतात. घरात कोणीतरी हुशार लागतंच."

श्यामकांतना भरून आलं. आत्यांनी सर्वांसमोर आपलं किती कौतुक केलं, हे ते परतीच्या टॅक्सीत शुभाला पुन्हा पुन्हा सांगत होते. मुलुंड येईपर्यंत शुभाने त्यांना तो आनंद घेऊ दिला. अर्थ तिने लिफ्टमध्ये सांगितला.