घराण्याचा ठोका

हृदयाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! आमच्या घरात रोज सकाळी, चहाच्याही आधी, प्रत्येकाची नाडी बघितली जाते. हे खातं सासऱ्यांकडे. त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर टिकटिक ऐकायला काही उरेना, तेव्हा ते आमच्या मनगटांकडे वळले. अंगठा दाबून धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल जाहीर करायचा, "उत्तम! घराण्याचा ठोका!"

या ठोक्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो मधूनच क्षणभर विसावतो आणि पुन्हा चालू लागतो. सासऱ्यांचा तसा, नवऱ्याचा तसा, सासूबाईंचा तसा. मी लग्न होऊन आले, तर दुसऱ्याच सकाळी माझाही तसाच! "लागण झाली हो सूनबाईला!" सासरे हरखून म्हणाले होते. मीही त्यांच्याकडून ही अंगठ्याची विद्या शिकले. मला तो विसावा कधी सापडला नाही, पण शिकाऊ हाताला तो कुठून सापडणार!

मध्यंतरी ठकीला, म्हणजे आमच्या अजून रांगायलाही न लागलेल्या लेकीला, लस देऊन आणलं. नर्सबाई सहज म्हणाल्या, "बाळाचं हृदय इवलंसं. एका ठोक्यात रक्त ढकलून ढकलणार किती? म्हणून ते भराभर चालतं. मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट!"

दुपारी ठकी झोपली. म्हटलं, बघूया दुप्पट. तिच्या मनगटावर अंगठा ठेवला.

टप्... टप्... टप्...

बाजारात रमतगमत निघाल्यासारखं! दुप्पट सोडाच, अगदी माझ्याएवढंच. मी हाक मारली, "बाबा! लवकर या!"

सासरे चष्मा सावरत आले. अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि चेहरा उजळला. "घराण्याचा ठोका! हा बघ, विसावला!"

"विसावला? बाबा, बाळाचं हृदय थांबतंय आणि तुम्ही हसताय?"

"थांबत नाही गं, विसावतं."

"अहो, तिचं दुप्पट पळायला हवं! नर्सबाई म्हणाल्या!"

सासऱ्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. "आता जरा पळतंय... अगं, फारच पळतंय! आणि सारखं अडखळतंय!"

भांडी टाकून सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? पोरगी तर छान घोरतेय! पांढरेफटक तुम्ही दोघं पडलाय!"

"आई, वरून तसंच दिसतं!"

ठकीला दुपट्यात गुंडाळलं आणि निघालो. दवाखाना गल्लीच्या टोकाला, पण त्या दिवशी गल्ली कुणीतरी ताणून लांब केली होती! माझा अंगठा तिच्या मनगटावर चिकटलेला. "बाबा, दुप्पट झालं!"

"मग छानच की!"

"छान काय? वाढतच चाललंय! घोडा उधळलाय नुसता!"

धक्क्यांनी ठकी जागी झाली आणि तिला ती सफर इतकी आवडली, की बोळकं पसरून हसायला लागली. ते हसू बघून मी आणखीच जोरात पळाले. दवाखान्याचा जिना चढताना तिच्या मानेला नाक लावलं. दुधाचा आंबूस वास आला. मनात म्हटलं, माझं काय हवं ते घ्या, पण एवढा वास राहू द्या.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. माझे कान असे तापलेले, की त्यांनी इस्त्री करता आली असती.

"उत्तम आहे की बाळ!"

"पण नाडी? कधी पळतेय, कधी अडखळतेय!"

"कशी बघितलीत?"

मी आणि सासऱ्यांनी एकदमच अंगठे वर केले. दवाखान्याला शाबासकी द्यायला आल्यासारखे!

बाईंनी कपाळाला हात लावला. "अंगठ्यात आपलीच ठसठसणारी रक्तवाहिनी असते. त्याने दुसऱ्याची नाडी बघायला गेलं, की बऱ्याचदा आपलीच लागते. तुम्ही घाबरलात म्हणून तुमचं हृदय पळालं. ते पळतंय म्हणून आणखी घाबरलात, म्हणून ते आणखी पळालं. बाळाचा यात काही संबंध नाही!"

सासूबाई सावकाश वळल्या. "म्हणजे इतकी वर्षं माझा हात धरून स्वतःचीच नाडी बघत होतात? तरीच मी तापाने फणफणले तरी आपलं 'उत्तम'!"

मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण बाई हसत नव्हत्या.

"मघाशी 'अडखळतेय' म्हणालात. ते कुणाला लागत होतं?"

सासरे आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. बाईंनी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि मग त्यांना टेबलावर झोपवलं. छातीला वायरी लावल्यावर ते बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे घराण्यात...?"

"घराण्यात तुम्ही एकटेच," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांचं पाऊल धरलं. ठोक्यांच्या आलेखाचा कागद मशीनमधून बाहेर येईपर्यंत माझा अंगठा पुन्हा ठसठसायला लागला होता.

फार वाईट काही निघालं नाही. एखादा ठोका घाईने आधीच पडतो, मग हृदय जरा दम खातं, एवढंच. गोळी सुरू झाली, चहा निम्म्यावर आला. आता रोज सकाळी सासरे मुकाट्याने हात पुढे करतात आणि सासूबाई दोन बोटं ठेवतात.

"काय येतंय गं?"

"गप्प बसा! चुकले बघा!"

मी मात्र ते सगळं सोडून दिलंय. नाडी नाही, काही नाही. आत्ताही ठकी शेजारी झोपलीय आणि मी निवांत लिहितेय. फक्त एकाच हाताने लिहितेय, तेव्हा अक्षर समजून घ्या. दुसऱ्या हाताची दोन बोटं जरा गुंतलीयत. अंगठा बाजूला ठेवलाय हो!