रुसवा, शुद्ध उच्चारांसह

लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा तिने नवऱ्याला "हो" म्हटलं आणि पुढचं सगळं महाभारत घडलं. (लग्नातलं "हो" वेगळं. त्याबद्दल तिने अजून कोणाला दोष दिलेला नव्हता.)

हे दुसरं "हो" अगदी किरकोळ होतं. नवरा अरबी शिकवायचा. एका खासगी संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त असे अशा खोलीत, परदेशी इस्पितळांत नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्सना. आधीच्या तुकडीला त्याने पुस्तकातून शिकवलं होतं. पुस्तक उशीएवढं जाड, आत राजे, घोडे, तलवारी आणि क्रियापदांचे तक्ते. मुली तक्ते घडाघडा म्हणायच्या. मुलाखतीला आलेल्या पाहुण्यांनी "कशा आहात?" एवढंच विचारलं, तर एकीने "राजाचा घोडा विहिरीजवळ उभा आहे" असं उत्तर दिलं. व्याकरणात काडीची चूक नव्हती. नोकरी मात्र एकीलाही लागली नाही.

डायरेक्टरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, या वेळी निम्म्या तरी मुली लागल्या पाहिजेत. नाहीतर अरबीचा वर्ग बंद, आणि त्या खोलीत ब्यूटी पार्लरचा कोर्स. त्याला घोडे लागत नाहीत."

नवरा घरी आला तो नवी पद्धत घेऊनच.

"आधी कान, मग तोंड, आणि वही सगळ्यात शेवटी!" जेवताना तो म्हणाला. "लहान मूल काय करतं? ऐकतं आणि नक्कल करतं. शब्द नुसता शब्द नसतो आई, त्याला सूर असतो. मुलींनी तो सूर उचलला की भाषा आलीच म्हणून समज!"

"आधी तो घास गिळ," सासूबाई म्हणाल्या.

घास गिळून त्याने योजना मांडली. पेशंट आणि नर्स यांचे संवाद घरी रेकॉर्ड करायचे, मुलींच्या मोबाइलवर पाठवायचे आणि त्यांनी ते येता-जाता, उठता-बसता ऐकून जसेच्या तसे म्हणायचे. पेशंटचा आवाज त्याचा. नर्सचा… इथे त्याने बायकोकडे पाहिलं.

"मला अरबीचं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली.

"कळायचं काय त्यात? मी मराठी अक्षरांत लिहून देतो, तू वाच. तुझा आवाज किती शांत आहे! पेशंटचा निम्मा ताप तिथेच उतरेल."

"वाच गं," सासूबाई म्हणाल्या, "त्या निमित्ताने घरात तुझा आवाज तरी ऐकू येईल."

ती कमी बोलायची, हे खरंच होतं. माहेरी सगळे "पोरगी किती शांत!" म्हणायचे, सासरीही तेच सर्टिफिकेट मिळालं होतं. मनातल्या मनात तिला त्याचा बराच अभिमान होता. चिडलो तरी आपण चकार शब्द काढत नाही, कोणाला पत्ताही लागू देत नाही, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतं. (स्वतःबद्दलची मतं ऐकून तपासायची सोय नसते, हे फार बरं आहे.) ती "हो" म्हणाली.

रविवारी दुपारी ती अंघोळ करून खोलीत आली आणि दारातच थबकली. तिच्या आईने स्वतःच्या हाताने टाचलेली, अजून एकदाही न अंथरलेली कोरी रजई भिंतीवर होती. चार कोपऱ्यांना चार खिळे. आणि मध्ये पाचवा, पोक येऊ नये म्हणून.

"बघ, आता आवाज अजिबात घुमत नाही!" हातातला हातोडा नाचवत नवरा म्हणाला. "कशी वाटते?"

"छान."

"रागावलीस?"

"नाही."

"मग काय झालं?"

"काही नाही."

"मग चल, सुरू करू या!" त्याने बटण दाबलं. (चार भाषा येणाऱ्या माणसाला पाचवी कळू नये!)

तिने कागद हातात घेतला. "अहलन व सहलन," म्हणजे "या, आपलं स्वागत आहे," असं शेजारी लिहिलेलं होतं. तिने स्वागत केलं. "अना फी खिदमतिक," म्हणजे "मी आपल्या सेवेला हजर आहे." तिने सेवाही केली. मग पेशंट झालेल्या नवऱ्याने काळजीच्या सुरात विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? मला काही गंभीर झालंय का?" तिच्या कागदावर उत्तर होतं, "ला शै." म्हणजे "काही नाही."

ते तिने भिंतीवरच्या पाचव्या खिळ्याकडे बघत म्हटलं.

"वा! आणि 'खिदमतिक'मधला तो 'ख' काय लागला! अगदी घशातून खरवडून!" नवरा खूश झाला. गेले कित्येक महिने वर्गात मुलींना तो 'ख' साधत नव्हता. सराव सुरू झाला की खालच्या मजल्यावरचा दवाखानावाला गुळण्यांची औषधं पाठवून द्यायचा. "तू तर उपजत अरब आहेस!"

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्यांनी सगळे धडे रेकॉर्ड केले. रजई भिंतीवरच होती. ती एक शब्द बोलली नाही. जे काही बोलली ते अरबीत बोलली.

मुली भलत्याच मेहनती निघाल्या. कानात इअरफोन घालून त्या बसमध्ये ऐकत, भांडी घासताना ऐकत, झोपतानाही ऐकत. थोड्याच दिवसांत नवरा हवेत तरंगत घरी येऊ लागला. "सूर! नेमका सूर पकडलाय गं!" त्याला त्या सुरात वावगं काहीच वाटत नव्हतं. वाटणार कसं? घरी त्याच्याशी हल्ली कोणी वेगळ्या सुरात बोलतच नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांना आत सोडायला माणूस कमी पडला, म्हणून तो बायकोला बरोबर घेऊन गेला. परदेशी इस्पितळाच्या मेट्रन आल्या होत्या. उंच, करारी, कागदावरून नजर न उचलणाऱ्या. बरोबर एक गोलमटोल डॉक्टर होते. दोघांना अरबीशिवाय काही येत नव्हतं. डॉक्टर हौशी दिसत होते. "मी पेशंट होतो," असं सांगून ते बाकावर आडवे झाले. डायरेक्टरसाहेब कोपऱ्यात बसून नवऱ्याकडे नजर रोखून होते. दाराशी स्टुलावर ती.

पहिली आत आली ती वर्गातली लाजरी. नाव विचारलं तरी कानापर्यंत लाल होणारी, बोलायला तोंड उघडायच्या आधी "सॉरी" म्हणणारी पोरगी. ती बाकापाशी गेली. आधी तिने एक लांब श्वास नाकाने सोडला. मान किंचित फिरवली. आणि म्हणाली, "अहलन व सहलन."

डॉक्टर बाकावर जरा सरकले.

दाराशी बसलेल्या तिच्या अंगावर काटा आला. आवाज लाजरीचा होता, पण हे स्वागत तिचं होतं! तो श्वास तिचा, शब्दाचं शेवटचं अक्षर दार लावल्यासारखं बंद करणंही तिचंच. ज्या सुरात आपण "छान" म्हटलं होतं तो हा? हा असा ऐकू येतो?

"अना फी खिदमतिक," लाजरी म्हणाली. मी आपल्या सेवेला हजर आहे, बघून घेईन.

डॉक्टरांनी पाय जवळ ओढून घेतले. ठरल्याप्रमाणे त्यांनी विचारलं, मला काही गंभीर झालंय का?

लाजरीने भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ला शै."

डॉक्टर ताडकन उठून बसले आणि त्यांनी स्वतःची नाडी धरली.

दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीचा 'ख' बिनचूक, आणि प्रत्येकीच्या सुरात भिंतीला ठोकलेली रजई. मग वर्गातला एकुलता एक पुरुष नर्स आला. धिप्पाड, झुबकेदार मिशांचा. त्यानेही नर्सचाच आवाज ऐकून पाठ केलेला. त्याने नाकाने श्वास सोडला, मिशा थरथरल्या, मान वेळावली, आणि माहेरी निघून जाण्याच्या बेतात असलेल्या बाईसारखा तो म्हणाला, "काही नाही."

तिला वाटलं, धरणी दुभंगावी. एवढी वर्षं ज्याला आपण शांतपणा समजत होतो, त्याच्या डझनभर प्रती डोळ्यांसमोर चालत येत होत्या, आणि एकीजवळही उभं राहावंसं वाटत नव्हतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. चार भाषांच्या त्या पंडिताच्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी उजेड पडत होता.

"अगं," तो कुजबुजला, "तू त्या दिवशी रागावली होतीस?"

"आत्ता विचारताय?"

"पण मी विचारलं होतं तेव्हा तू तर…"

"मास्तर!" डायरेक्टरसाहेब दात आवळून म्हणाले. "या मुली पेशंटला बऱ्या करायला जाताहेत की त्याचा सूड घ्यायला? यापेक्षा घोडा बरा होता हो!"

मेट्रन डॉक्टरांच्या कानाशी लागल्या होत्या. डॉक्टर नाडी सोडायला तयार नव्हते. बाहेर जिन्यावर मुली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. कोणाच्या घरी पोरगी परदेशी जाणार म्हणून सांगून झालं होतं, कोणी आधीची नोकरी सोडली होती. आणि यांचं सगळं घोडं अडलं होतं ते तिच्या तोंडच्या दोन शब्दांवर.

मेट्रननी मान वर केली आणि नवऱ्याला काहीतरी विचारलं.

"विचारताहेत," त्याने घाम पुसला, "यांना असं बोलायला कोणी शिकवलं?"

शिकवण्याचं सगळं श्रेय आजवर न मागता घेणाऱ्या नवऱ्याने, एका क्षणाचाही विलंब न लावता, बायकोकडे बोट दाखवलं.

मेट्रन तिच्याकडे वळल्या आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण आता वर्ग, नोकरी, जिन्यावरच्या मुली, सगळं आपल्यावर आलंय, एवढं कळलं. काहीतरी गोड करायला हवं होतं. तोंडी सांगण्याची सोय नव्हती, आणि झाल्या प्रकारानंतर तिचा स्वतःच्या आवाजावरचा विश्वासही उडाला होता. तेव्हा ती उठली, हात जोडले आणि हसली. लग्नात पाहुण्यांसाठी, सासरी आल्यागेल्यांसाठी राखून ठेवलेलं, तिच्या मते तिचं सगळ्यात मधाळ, सगळ्यात मऊ हसू हसली. या हसण्यात तिने जीव ओतला.

मेट्रननी ते हसू पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. डॉक्टरांनी घाईघाईने मान हलवली. मेट्रननी यादीवर वरून खालपर्यंत एकामागोमाग एक खुणा केल्या, नवऱ्याशी हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलल्या आणि पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"काय म्हणाल्या?" डायरेक्टरसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

"सगळ्यांना घेतलं," नवरा म्हणाला. त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "मिशीवाल्यालासुद्धा."

"आणि दुसरं वाक्य?"

नवऱ्याने चोरट्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"विचारताहेत, आता तरी बाईसाहेबांचा राग गेला का?"