ट्यूबवाले गुरुजी

ओटीभरणाला बायका खण-नारळ घेऊन येतात. आमच्या शेजारचे देसले गुरुजी सायकलची ट्यूब घेऊन येतात.

लग्न होऊन मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा धरणाजवळच्या या गावात आले, तेव्हा माझ्या जावेच्या ओटीभरणात मी हे पहिल्यांदा पाहिलं. बाकीचे पुरुष अंगणात गप्पा मारत होते. गुरुजी थेट बायकांच्या घोळक्यात येऊन बसले आणि त्यांनी खिशातून ट्यूबचा तुकडा काढला.

"बघा गो, आधी नळी! दिवस गेलेत हे आईला धड कळलेलं पण नसतं, आन पोटात एवढीशी नळी धडधडाया लागते. तेच बाळाचं हृदय. पण नळी वाढते, जागा तेवढीच. मग काय करील बिचारी? वळंल!"

त्यांनी दोन्ही टोकं आत दाबली. ट्यूब वळली, हातातून सटकली आणि पेढ्यांच्या ताटात जाऊन पडली.

"नळी वळली," कोपऱ्यातून त्यांची बायको, कुसुमकाकू म्हणाल्या. "आता तुमी पण घराकडं वळा."

आता वाटेल, गुरुजी विज्ञानाचे मास्तर असतील. छे! शहापूरच्या शाळेत जन्मभर त्यांनी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना एकच चित्र सुचतं: पोटातल्या बाळाचं हृदय कसं घडतं. एका गणपतीला त्यांनी थर्माकोलचं हृदय केलं. आरतीला आलेला प्रत्येक जण "पपई मस्त जमलीय" म्हणून गेला. दिवाळीत काकू चकल्या पाडतात, तर हे कच्च्या पिठाची नळी वळवून, तिच्यात भिंती घालून, चार कप्पे करून ठेवतात. काकू तेही तळतात. म्हणतात, "आमच्याकडं चकल्या कमी, काळजंच जास्ती."

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत गुरुजी बांधावर उभे राहतात. "रक्तवाहिन्या पण अशाच. आधी हितं एक डबकं, तितं एक डबकं. मग डबक्याला डबकं मिळतं आन पाट होतो!" चिखलात वाकलेल्या बायका वर न बघता म्हणतात, "गुरुजी, बाजूला व्हा. पाट तुमच्या पायानं अडलाय."

एकदा मात्र त्यांना शेरास सव्वाशेर भेटला. चहाच्या टपरीवर सांगत होते, "हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण पहिली फांदी काढतं ती स्वतःसाठी." एक म्हातारबाबा म्हणाले, "म्हंजे आमच्या धरणापेक्षा हुशार. आमच्या उशाला पाणी, आन आमाला टँकर!" गुरुजींनी म्हातारबाबांच्या चहाचे पैसे दिले.

मग मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळं दिसतंय, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. त्या संध्याकाळी सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "गिराणात दुधी चिरलान हिनं. मी नको बोललेली."

ग्रहणात दुधी चिरला होता मी खरा. त्या दिवसापासून माझं जेवण ताटात तसंच राहू लागलं.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून गुरुजींनी ते ऐकलं आणि तरातरा आले. हात रिकामे होते. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"वहिनी, गिराण कधी लागलं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"गेल्या मयन्यात."

"आन पोराच्या हृदयाच्या भिंती तिसरा मयना भरायच्या आत बांधून झाल्या. बांधून झालेल्या घराला दुधीच्या सुरीनं भोक पडतं काय? ते काम चालू असतं तवा आईला धड पत्ताबी नसतो. तिला कशाला बोलता?"

सासूबाई उठून आत गेल्या. मी त्या रात्री पोटभर जेवले.

ठाण्याला गुरुजी आणि काकूही गाडीत बसले. पडघ्यापर्यंत ड्रायव्हरला चार कप्पे समजले, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये झडपाही बसल्या. दवाखान्यात माझ्या नवऱ्याचा धीर सुटला, म्हणून काकू माझ्याबरोबर आत आल्या. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बाळाचं हृदय सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत बारीक भोक आहे. असं भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं, जन्मानंतर तपासत राहू. पुढे झालंही तसंच. माझी लेक आता अख्ख्या आळीतल्या कोंबड्या पळवते.

बाहेर आलो. गुरुजींना सांगितलं, तर त्यांनी डोळे पुसले आणि ते चहा आणायला गेले. नवरा गाडी बघायला गेला. काकू बाकड्यावर माझ्याजवळ सरकल्या.

"आमची एक मुलगी होती, निळी पडली आन गेली. नाव पण ठेवलं नव्हतं. सासू बोलायची, गिराणात हिनं ईळा धरला. सासू गेली, तरी मीच मला बोलायची. ह्यांनी कुठनं कुठनं डाक्टरकीची पुस्तकं आणली. मला कुठं वाचता येतंय? मग चित्रं काढून दाखवायचे. पीठ वळून दाखवायचे. तुझा दोष नाय, बघ, तुझा दोष नाय."

"मग पटलं तुम्हाला?"

"पटलं. त्याला पण लय वर्षं झाली." त्यांनी पदर सारखा केला. "पण ह्यांना सांगितलं नाय."

"का हो काकू?"

"सांगितलं तर बोलायचे थांबतील ना गो. दोघंच आमी. घर कसं खायला उठंल."

गुरुजी चहाचे कप सांभाळत आले. काकूंनी एक कप घेतला, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "अवो, बाळ पयला श्वास घेतं तवा वरच्या दोन कप्प्यांतलं दार लागतं बोलता ना, ते कसं? मला काय नीट कळलं नाय."

गुरुजींनी आपला कप बाकड्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि सांगायला बसले.