प्रभंजन सरांची स्वयंपाकघरावरील स्वारी

॥ श्री ॥ जो अंधारात उजेड पाडितो आणि उजेडात माणसे उघडी पाडितो, त्या देवास नमस्कार. त्यामागून वाग्देवीस नमस्कार, की तिने या थोड्या मतीच्या लेखकास सांभाळून घ्यावे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, एका राज्यात जो प्रकार जाहला तो विदित व्हावा म्हणून येणेप्रमाणे लिहिला आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य पिठाच्या गिरणीच्या वरचे मजल्यावर होते, सकाळी तेथे योगासने चालत आणि सायंकाळी चित्रपट करणे शिकविले जाई, आणि खाली गिरणी सुरू झाली की वर सिंहासनासुद्धा सर्व थरथरत असे.

त्या सिंहासनी श्रीमंत प्रभंजन सर विराजमान होते. पोशाख आपादमस्तक काळा, गळ्यात मफलर, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तीतून जगाकडे पाहण्याचा परिपाठ, आणि पूर्वी एका मोठ्या चित्रपटात आपण चवथे सहायक होतो ही कथा दर दिवशी सांगण्याचे व्रत. तो चित्रपट कोणी पाहिला नव्हता, कारण तो पुरा जाहला नव्हता. यावर महाराज म्हणत, "अपुरा राहिला म्हणूनच तो महान आहे," आणि प्रजा मान डोलवीत असे. प्रजेत जे जे नाव घालून आले ते ते दिग्दर्शक होण्यास आले होते. शिपाईगिरी कोणास नको, सेनापतीची वस्त्रे सर्वांस हवी. त्यांत कौस्तुभ ढमढेरे हे आवाजाने थोर, आणि इरावती पाटणकर या टोपीने थोर. या दोघांचे उजेड डावीकडून घ्यावा की उजवीकडून यावर रोज युद्ध होई, आणि तोवर बाहेर सूर्य मावळून उजेडाचा प्रश्न आपोआप निकालात निघे.

या राज्यात शालन धायगुडे नावाची एक बाई होती. झेरॉक्सच्या दुकानी नोकरी, वय तिशीचे आत, बोलणे फार थोडे. ती दिग्दर्शक होण्यास आली नव्हती. तिचे कारण निराळे होते ते सांगतो. आई वारल्यावर तिला तिच्या मथुराआत्याने वाढविले, आणि ती आत्या आता पौषात सातासमुद्रापलीकडे लेकाकडे कायमची जाणार होती. शालनबाईंस आत्याचे एक हलते बोलते चित्र जवळ ठेवावयाचे होते. परंतु आत्याचा स्वभाव असा की कॅमेरा दिसला की तिचा दगड होई. पदर घट्ट, मान ताठ, श्वास बंद, आणि मुद्रा आधारकार्डावर असते तशी. मोबाइल लपवून पाहिला तरी तिला वास येई. मग वर्गात गेल्यावर उपाय सापडेल ऐसे मनी धरून शालनबाईंनी पहिल्याच आठवड्यात, बहुत धीर करून, महाराजांस विचारिले, "सर, माणूस कॅमेऱ्यासमोर दगड होतो, त्याला काय करायचं?"

महाराजांनी डोळे मिटिले, बोटांची चौकट केली, आणि अवकाश, शून्यता आणि काळाचे शिल्प या विषयांवर ते गिरणी बंद होईतो बोलले. सर्वांनी ते उतरून घेतले. शालनबाईंनीही घेतले, घरी जाऊन दोन वेळा वाचले, आणि त्यात उत्तर कोठे दिसले नाही तेव्हा चूक आपल्याच वाचण्यात असेल ऐसे समजून गप्प राहिल्या.

ऐसियास वर्गाचे अखेरीस एक चित्रपट करावा ऐसा ठराव जाहला. कथा महाराजांनी स्वतः रचिली, नाव "निर्वात". त्यात एक वृद्धा ताट वाढून मुलाची वाट पाहते, मुलगा येत नाही, आणि पुढे काही होत नाही. वृद्धा कोठून आणावी हे दरबारात कोणास सुचेना, तेव्हा शालनबाईंचे मनात आले की दिवे, माणसे, दृश्याच्या क्रमांकाची पाटी, हुकूम इतके सारे आत्यापुढे उभे राहिले तर कदाचित ती खुलेल, आणि त्या म्हणाल्या, "माझी आत्या आहे." दरबाराने आत्याही घेतली आणि आत्याचे स्वयंपाकघरही घेतले. मग मानपान वाटण्यात आले. दिग्दर्शक ढमढेरे, सहदिग्दर्शक पाटणकर, कलादिग्दर्शक, वेशदिग्दर्शक, आणि एक जण नुसताच सल्लागार. कॅमेऱ्यास मात्र कोणी हात लाविना, कारण कॅमेऱ्यामागे उभे राहिले की मनुष्य दिसत नाही. तो शालनबाईंचे गळ्यात पडला. आणि राज्याचा नेम असा की कॅमेरा महाराजांचा, पण त्यातील चित्र साठविण्याचे कार्ड ज्याचे हाती कॅमेरा त्याने आपले आणावे. म्हणून कार्ड शालनबाईंनी आणिले. हे ध्यानी ठेवावे, पुढे कामास येईल.

आता महाराजांचे शास्त्र सांगतो, कारण सर्व अनर्थ तेथूनच जाहला. कॅमेऱ्याचे अंगावर एक लाल दिवा असतो, तो चित्र उतरू लागले की पेटतो. महाराज म्हणाले, "लाल दिवा दिसला की नट मरतो," आणि त्यावर काळी चिकटपट्टी मारविली. दृश्याचे कोपऱ्यात काही अक्षरे उमटतात, त्यावरून यंत्र चालू की बंद हे कळते; महाराज म्हणाले, "अक्षरे हा चौकटीचा अपमान आहे," आणि ती बंद करविली. बटण दाबता टुक असा आवाज होई, तोही शांततेचा भंग म्हणून घालविला. बटण मात्र एकच. एकदा दाबावे तो चालू, पुन्हा दाबावे तो बंद. आणि सक्त ताकीद अशी की "कॅमेरा हलवायचा नाही, आणि माझ्या हुकमाशिवाय बटणाला कोणी बोट लावायचं नाही."

मग दिवाळी सरल्यावर एके रविवारी सारी फौज आत्याबाईंचे दारी चालून गेली. आत्याबाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, "आगं बया, शालू, ही वरात कुणाची? चपला भायेर काढा रं. ए टोपीवाली, ते छत्रीसारखं काय हाय ते देवघरात नगं टेकवू." कॅमेरा तिवईवर चढवून ओट्याकडे तोंड करून उभा केला. महाराजांनी आज्ञा केली, "एकदा बटण दाबून बघ, अडकत तर नाही ना?" शालनबाईंनी दाबले. अडकले नाही. महाराज म्हणाले, "छान," आणि पुढे निघाले. यंत्र त्या घडीपासून चालू जाहले, आणि हे तेथे कोणाही मनुष्यास कळले नाही.

मग ढमढेरे गरजले, "सायलेन्स! रोल!" शालनबाईंनी बटण दाबले. "ॲक्शन!" आत्याबाईंस ताटाकडे पाहून एकच वाक्य म्हणावयाचे होते. आत्याबाईंचा पदर घट्ट जाहला, मान ताठ जाहली, आणि त्या भिंतीवरील नोटीस वाचावी तशा बोलल्या, "बाळा. ताट. वाढले आहे." "कट!" शालनबाईंनी बटण दाबले. कट ऐकताच आत्याबाईंनी श्वास सोडला आणि ताटाकडे बोट केले, "आरं मेल्यांनो, ताटात एक चतकोर ठेवलाय. ती बाई लेकाची वाट बघती का त्याला हाकलून द्यायला बसलीया?"

"आत्या, ते प्रतीक आहे," ढमढेरे म्हणाले.

"प्रतीक असूंदे नायतर कोण असूंदे, भुकेला जायाचा न्हाई माझ्या घरनं," ऐसे म्हणून आत्याबाईंनी तवा ठेविला आणि पिठल्यास फोडणी घातली. पुन्हा "रोल!" आणि पुन्हा दगड. पुन्हा "कट!" आणि पुन्हा आत्याबाई जिवंत. दिवसभर हेच चालले. पाटणकर म्हणाल्या चेहऱ्यावर वेदना कमी आहे, वेशदिग्दर्शक म्हणाले लुगडे जास्त आहे, सल्लागारांनी भाकरीस सल्ला दिला आणि ती खाल्ली. आत्याबाई एकास म्हणत, "बस की खाली, उभ्यानं जेवतो घोड्यावानी," आणि दुसऱ्यास म्हणत, "तुझ्या आईला म्हणावं, पोराला मीठ कमी घाल, लई तडतडतंय." सर्व हसत, आणि शालनबाई कॅमेऱ्यामागे उभ्या राहून पाहत आणि मनात तळमळत, की हेच हवे होते, हेच, आणि यंत्र आता बंद आहे, आणि हुकमाशिवाय बोट लावावयाचे नाही.

दुपारी सेना गच्चीवर उजेडाची मसलत करण्यास गेली. स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. आत्याबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहून विचारिले, "बंद हाय न्हवं ते?"

"बंद आहे, आत्या."

मग आत्याबाई पाण्याच्या पिंपापाशी गेल्या, भिंतीकडे तोंड करून खाली बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला आणि खांद्यावरून चोरून मागे पाहिले. "वळखलंस का कोण ते? तू. वैनी गेली आन् तुला हितं आणली तवाची. कुणी बघितलं की खायाचीच न्हाईस. घास तोंडात तसाच. मंग मीबी काय करायची, तिकडच्या भिताडाकडं तोंड करून बसायची. दोघी दोन भिताडांकडं त्वांड करून जेवायचो. आमचं मालक म्हणायचं, भांडल्यात काय ह्या?" ऐसे म्हणून आत्याबाई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले, आणि पुन्हा तोंडाने लहान शालूचा घास चावून दाखविला.

शालनबाईंस हे ठाऊक नव्हते. बोट बटणापाशी गेले आणि ताकीद आठवून माघारी आले. त्या रात्री त्यांस जेवण गेले नाही. आपण भितो म्हणून जन्मभर आपल्या हाती काही लागणार नाही, ऐसे त्यांनी मनाशी पक्के केले.

पुढे भिंतीवर पांढरी चादर लावून दरबार भरला. महाराजांनी दिवे मालविले आणि म्हणाले, "आता शून्यता पाहा." शून्यता दिसली नाही. दिसले ते असे की "रोल!" ऐसा आवाज होई आणि चित्र तुटे, आणि दुसऱ्या क्षणी "कट!" पासून पुढे सुरू होई. ढमढेरे आणि पाटणकर यांचे वाग्युद्ध संपूर्ण उतरले होते. महाराज पाटीने पाठ खाजवीत आहेत, हे उतरले होते. कलावंताने उपाशी असावे ऐसे जे रोज सांगत, ते पिठले तिसऱ्या खेपेस वाढून घेत आहेत, हेही उतरले होते. दरबार हसू लागला. मग चित्रात महाराज एकटेच ओट्यापाशी आले, मोबाइल कानास लाविला आणि दबल्या आवाजात बोलू लागले, "साहेब, सिरियलमध्ये काही असेल तर बघा ना. काहीही. गर्दीत उभं राहायचं असेल तरी चालेल, साहेब." तेव्हा हसणे थांबले. खाली गिरणीचा आवाज तेवढा येत होता. आणि त्यापुढेच पिंपापाशी आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या, भाकरी मोडली, आणि खांद्यावरून मागे पाहिले. शालनबाई जागेवरून उठून उभ्या राहिल्या, आणि आपण उभ्या आहो हे त्यांस कळले नाही.

महाराजांनी दिवे लाविले. मुद्रा लाल जाहली होती. "हे कोणी केलं? बटण कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या, सर."

"सगळं पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर. पुढच्या रविवारी परत शूट."

शालनबाईंनी कॅमेऱ्यातून कार्ड काढिले, रुमालात गुंडाळिले आणि मुठीत धरिले. मग म्हणाल्या, "नाही पुसणार."

दरबारात ऐसा शब्द पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. महाराज म्हणाले, "तुला प्रमाणपत्र मिळणार नाही."

"चालेल."

"माझ्या वर्गात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही."

"बरं." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि हळू बोलल्या, "सर, तुमचा फोन आहे ना, तेवढा तुकडा मी काढून टाकते. तो कुणाला दिसणार नाही."

"तू मला एडिटिंग शिकवणार?"

"नाही सर. मी शिकायलाच आले होते."

बोटांची चौकट करण्यास महाराजांचे हात वर गेले आणि तसेच खाली आले. ढमढेरे मात्र जिन्यापर्यंत मागे धावत आले आणि म्हणाले, "शालनताई, एक कॉपी मला मिळेल का? इरावतीशी भांडताना माझा डावा प्रोफाइल फार छान आलाय."

मग शालनबाईंनी घरी बसून महाराजांच्या फोनाचा तुकडा काढिला. साऱ्या शिक्षणात त्यांनी केलेला कट तो एवढाच. उरलेले आत्याबाईंस दूरचित्रवाणीवर दाखविले. आत्याबाईंनी प्रथम पदर घट्ट केला, मग सैल केला. "कोण गं ही बया? तोंडाला खीळच न्हाई," म्हणाल्या. पिंपापाशीचे चित्र आले तेव्हा भाचीकडे वळल्या. "बंद म्हणली व्हतीस."

"मला बंदच वाटलं होतं, आत्या."

आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये मलाबी दे. तिकडं समदी टेबलावर तोंडाकडं तोंड करून जेवत्यात म्हणं. मी कुणाकडं पाठ करून बसू?"

इत्यर्थ. आत्याबाई पौषात परमुलखी गेल्या, चित्र बरोबर घेऊन गेल्या. शालनबाईंस प्रमाणपत्र मिळाले नाही. चित्रपट करता येतो काय ऐसे कोणी पुसले तर त्या नाही म्हणतात, आणि ते खरेही असावे. प्रभंजन सरांचे राज्य चालले आहे. नव्या प्रजेस ते आता शिकवितात की खरा चित्रपट कटनंतर सुरू होतो, आणि हा शोध आपण एका स्वयंपाकघरात मुद्दाम लाविला. प्रजा मान डोलविते. लाल दिव्यावर काळी पट्टी अद्याप तशीच आहे. जैसे ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे असेल तर वाचणाऱ्यांनी शहाणपणे दुरुस्त करून घ्यावे.