परत लिलावाला

"मोबाईल हाय की हातात, त्यानंच काढ तुझा शिनेमा," हे शलमोनरावांचं वर्षभराचं ठरलेलं उत्तर होतं. सिल्व्हियाचंही ठरलेलं होतं, "मोबाईलात माणसं कमी अन् वारा जास्त ऐकू येतो, पप्पा." नगरच्या दुकानातले चांगले कॅमेरे तिच्या शिकवणीच्या कमाईत बसत नव्हते. जे बसत होते, त्यांना बाहेरचा माईक लावायची सोय नव्हती. आणि माईकच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती, स्वतःच्या तर मुळीच नाही.

अशात श्रीगोंद्याजवळच्या त्यांच्या गावात सुगीची उपकारस्तुती आली. या दिवशी जो तो आपल्या कष्टातलं काहीतरी चर्चमध्ये आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या इमॅन्युएलनं यंदा भोपळ्यांच्या रांगेत आपला जुना कॅमेरा आणून ठेवला. पट्टा तुटका, कोपरे घासलेले, पण माईकची जागा शाबूत! सिल्व्हियानं साठवलेलं सगळं पणाला लावलं आणि कॅमेरा घेतला.

टाळ्या पडल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. या लिलावात एक जुनी रीत होती. घेतलेली वस्तू तिथल्या तिथं परत देवाला द्यायची, म्हणजे तिचा पुन्हा लिलाव होतो आणि देणाऱ्याचं नाव होतं. शलमोनराव चर्चचे पंच. दरवर्षी एकच भोपळा दोनदा विकत घेऊन मिरवणारा माणूस. टाळ्या कानावर पडताच ते सवयीनं उठले आणि गरजले, "परत लिलावाला!"

"पप्पा, त्यो भोपळा न्हाई! माझा कॅमेरा हाय!"

"देवाला दिलेलं माघारी मागतीस? लोकं काय म्हनतील?"

"दिलं तुमी, पैसे माझे. मी न्हाई सोडायची."

पाळकसाहेब घसा खाकरत म्हणाले, "बाळ, पंचांनी भर चर्चमध्ये शब्द दिलाय."

सिल्व्हियाला रडू फुटणार होतं, पण राग आधी आला. "मग लावा बोली. पण विकला जाईस्तवर त्यो माझ्याच हातात राहील," असं म्हणून तिनं कॅमेरा चालू केला. लाल दिवा लागला.

टेम्पोवाल्या नोहानं कॉलर सारखी करून बोली लावली. नोहा आणि शलमोनरावांची लिलावातली चुरस सगळ्या मंडळीला ठाऊक होती. पण कॅमेऱ्यासाठी दमडी द्यायची नाही म्हणून शलमोनराव छताकडे बघत बसले. सिल्व्हियानं कॅमेरा त्यांच्यावर रोखला.

"पप्पा, नोहाकाका जिंकले तर तुमचं पडलेलं तोंडच येनार बघा शिनेमात."

शलमोनरावांनी बोली चढवली. नोहानं आणखी चढवली.

"माझ्याकडं बघू नका, पप्पा. काकांकडं बघा. हां, आता उठा!"

शलमोनराव उठले आणि असा आकडा बोलले, की नोहा मुकाट्यानं खाली बसला. पुन्हा टाळ्या कडाडल्या. शलमोनरावांची छाती फुगली, दोन्ही हात वर गेले, तोंड उघडलं.

"पर..."

फिलोमिनाबाई बायकांच्या बाजूनं कधी उठून आल्या, कुणाला कळलंच नाही. लिलावाला आलेल्या घडातलं सोललेलं केळं त्यांनी नवऱ्याच्या उघड्या तोंडात अख्खं सारलं.

सिल्व्हियाचा हात जराही हलला नाही.

"ह्यांचा आवाज आला का गं कॅमेऱ्यात?" फिलोमिनाबाईंनी विचारलं.

"न्हाई आला, आई," सिल्व्हिया म्हणाली. "झाक झालं."