भाकरी किती थापायच्या

मुरलीअण्णांच्या खानावळीच्या छपराला एकदा आग लागली. समोरचा न्हावी ओरडत आत आला तेव्हा अण्णा पिठाच्या डब्यात हात घालून उभे होते. त्यांनी त्याला विचारलं, "तू सोता पाह्यली, का कुनी सांगितली?" तो म्हणाला, स्वतः पाहिली. कवा? आत्ताच. कुठल्या अंगाला? तेवढ्या वेळात मी पाण्याच्या बादल्या मारून आग विझवलीसुद्धा होती.

घोडेगावात माझं कासरे, दावी, घुंगरमाळांचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून अण्णांची खानावळ. दोघांचीही पोटं जनावरांच्या बाजारावर. फरक एवढाच, की माझा कासरा आज नाही खपला तर पुढच्या बाजारी खपतो. अण्णांची भाकरी मात्र संध्याकाळपर्यंत कडक होते आणि रस्सा आंबतो. बरं, कमी करून ठेवलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या हॉटेलात जातं. म्हणून आदल्या दिवसापासून अण्णा एकाच प्रश्नाच्या मागे असायचे: उद्या भाकरी किती थापायच्या?

त्यासाठी ते टेम्पोवाल्यांना फोन करत. "लई गर्दी हाय अण्णा," असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "लई म्हंजी किती? आन मानसं सांग. म्हशी माज्याकडं जेवत न्हाईत." एक व्यापारी बैलजोडीचा सौदा कसा मोडला ते फोनवर रंगवून सांगायला लागला. अण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात भाकरीचं काय हाय?" दुसऱ्या एकानं भर दुपारी येऊन सांगितलं की आज गर्दी निम्मीच आहे. बातमी अगदी खरी होती, पण तोवर अण्णांसमोर भाकऱ्यांची चळत उभी होती. सकाळी सांगितलं असतंस तर तुला फुकट जेवू घातलं असतं, असं अण्णा त्याला म्हणाले. मग जेवू घातलंच, कारण चळत संपवायची होती.

एकदा तर खात्री करायला म्हणून ते स्वतः मोटारसायकल काढून शिंगणापूरच्या फाट्यावर टेम्पो बघत उभे राहिले. परत आल्यावर त्यांच्या बायकोनं, आमच्या सुमनवहिनींनी, एवढंच विचारलं, की जाळलेल्या पेट्रोलात किती भाकऱ्या झाल्या असत्या. अण्णांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि तो प्रकार कायमचा बंद केला.

आम्ही सगळे हसायचो. पण एका बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज आला, की जनावरांच्या साथीमुळे उद्याचा बाजार बंद. पलीकडच्या हॉटेलवाल्यानं भट्टी पेटवायची नाही असं ठरवलं. मी कुलूप लावून श्रीगोंद्याला सासुरवाडी गाठली. अण्णांनी मात्र ज्यानं मेसेज पाठवला त्याला फोन केला, त्याला कुणी पाठवला ते विचारून पुढच्याला केला, आणि असं करत करत मूळ माणसापर्यंत पोचले. तो मेसेज गेल्या साली आलेला, चुकून पुन्हा पुढे गेलेला. अण्णांनी वहिनींना सांगितलं, पीठ काढ. दुसऱ्या दिवशी बाजार भरला. दुपारी मी धापा टाकत परत आलो तर खानावळीत उभं राहायला जागा नव्हती. वहिनी परातीवरून मान वर करून माझ्याकडे बघत हसत होत्या.

वहिनी आता नाहीत.

त्यांचं जेवण तुटलं, अंग उतरलं, तेव्हा मी माझ्या गाडीतून दोघांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तपासण्या झाल्यावर वहिनींना बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. खरं सांगतो, मला डॉक्टरांचीच काळजी वाटत होती. आता अण्णा ह्यांना काही सोडत नाहीत.

डॉक्टर सांगत गेले. आजार पसरलेला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. अण्णांनी थोडंच विचारलं. दुखू नये म्हणून काय द्यायचं, खायला काय चालेल, आणि गाडीत बसून तिला माहेरी जाता येईल का. उत्तरं मात्र पुन्हा पुन्हा वदवून घेतली. मग डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, "आता साधारण किती दिवस..."

अण्णांनी हात पुढे केला. "ते सांगू नका साहेब."

औषधाच्या दुकानासमोर मला राहवलं नाही. तेवढंच का नको म्हणालात, असं मी विचारलं. अण्णा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"कळून म्या येगळं काय करनार हाय? तिच्यापाशी बसायचं, ते ठरलंय," ते म्हणाले. "आन तिच्याशी खोटं बोलायला मला जमत न्हाई."

परतताना अण्णा मागच्या सीटवर वहिनींजवळ बसले. इमामपूरच्या घाटात वहिनींनी डोळे उघडले.

"अवं, काय म्हनलं डाक्टर? बरं व्हायला किती दिस लागतील?"

"ते म्या इचारलंच न्हाई."

समोरच्या आरशात मला दोघंही दिसत होती. वहिनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर सारखा केला, डोकं अण्णांच्या खांद्यावर टेकलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं केलं."