रानाचं डबल बुकिंग

“घोडी बांधायची, तंबू ठोकायचे, चूल पेटवायची. यात चुकण्यासारखं हाय काय?” सर्जेरावांनी मुलाला विचारलं. “आपल्या सात पिढ्या रानात झोपल्या. मला कुणी झोपायला शिकवू नये!”

हे ते पुण्याच्या वारज्यात एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, पंख्याखाली बसून म्हणत होते. त्या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचंच वांग्याचं रान होतं. वारज्यातली आडवी जमीन अशी एकेक करत उभी राहिली. उरलं होतं ते पानशेत रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याचं एक रान. त्यावरही तात्याराव बिल्डरचा डोळा होता. तो दर रविवारी पेढे घेऊन यायचा. सर्जेराव पेढे खायचे, सही करायचे नाहीत.

का करत नाहीत, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते रान त्यांची बायको शालू बघायची. काय पेरायचं, कुणाला बोलवायचं, कुणाला काय द्यायचं, सगळं तिच्या डोक्यात. वैशाखात ती गेली आणि सगळी माहिती बरोबर घेऊन गेली. सर्जेरावांना पंपाचं कुठलं बटण दाबायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. पण रानात गेलं की ती बांधापलीकडे कुठंतरी खुरपत असेल असं वाटायचं. सातव्या मजल्यावर तसं वाटत नाही.

त्यांच्या मुलाचं, पृथ्वीराजचं म्हणणं सरळ होतं. “आबा, इमोशनल होऊ नका. एकतर रानानं कमवावं, नाहीतर जावं. मी एक चान्स देतो.”

चान्स म्हणजे घोड्यांचं कॅम्पिंग! परदेशात म्हणे लोक आपापलं घोडं घेऊन डोंगरात जातात, दिवसभर त्यावर बसून हिंडतात आणि संध्याकाळी त्याच्याच शेजारी तंबू ठोकून झोपतात. पुण्यातल्या लोकांकडे घोडं नसतं. पण पृथ्वीराजनं ही अडचण चुटकीसरशी सोडवली. घोडं आपण द्यायचं! ‘तुम्ही, तुमचं घोडं आणि शांतता’ अशी जाहिरात त्यानं टाकली.

पहिल्या शनिवारसाठी तीन पाहुणे ठरले. अभिनव आणि उत्कर्षा हे हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं. तिसरी प्रियदर्शनी. ती कुठंच नोकरी करत नव्हती. ती ठिकठिकाणी जायची, राहायची आणि कसं होतं ते मोबाइलवर सांगायची. तिचं ऐकून लाखभर लोक तिकडं जायचे, किंवा जायचे नाहीत.

“ती छान म्हणाली तर रान ठेवू,” पृथ्वीराज म्हणाला. “नाही म्हणाली तर सोमवारी तात्यारावांकडे सही. डन?”

“डन,” सर्जेराव म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वापरला, आणि तो असा महाग!

शनिवारी दुपारी खडकीहून टेम्पोतून तीन घोडी आली. त्यांचा मालक संतोष ती वरातीला, वाढदिवसाला आणि पुढाऱ्यांच्या मिरवणुकीला भाड्यानं द्यायचा. एकाच्या शेपटीला अजून परवाच्या लग्नातला गुलाबी रंग होता. पाहुणेही तयारीचे. अभिनवनं पुण्याच्या कॅम्पातल्या दुकानातून गुडघ्यापर्यंतचे बूट आणले होते. ते घातल्यावर त्याला गुडघे वाकवता येईनात. शेवटी माळ्यावर पिंप चढवतात तसं त्याला शिडी लावून घोड्यावर चढवलं.

“लेट्स गो!” पृथ्वीराज ओरडला.

घोडी हलली नाहीत. टाच मारून झाली, चुचकारून झालं, गूळ दाखवून झाला. घोड्यांनी गूळ खाल्ला आणि पुन्हा उभी राहिली, साहेब जेवायला गेल्यावर कचेरीत माणसं उभी राहतात तशी.

“संतोष, काय प्रॉब्लेम आहे?”

“प्रॉब्लेम काही नाही, दादा. यांचं आयुष्य लक्ष्मी रोडच्या गर्दीत गेलंय. मागून हॉर्न वाजल्याशिवाय पुढं जायचं असतं, हे यांना कळतच नाही.”

मग शांततेची सफर निघाली! पुढं तीन घोडी, मागं पहिल्या गिअरमध्ये पृथ्वीराजची गाडी, शेजारी संतोष, आणि पों पों पों! हॉर्न थांबला की घोडी थांबायची. डोंगरातली माकडं पलीकडच्या डोंगरावर निघून गेली. “इथे किती शांत वाटतंय ना!” प्रियदर्शनी मोबाइलमध्ये बोंबलून सांगत होती. हळू बोलली असती तर ऐकूच गेलं नसतं.

सर्जेराव चूल पेटवायला मागं राहिले. वरच्या तुकड्यात तीन निळे तंबू ऐटीत उभे होते. सर्जेरावांना वाटलं, जमलं! तेवढ्यात बांधावरून हाक आली.

“राम राम, आबा!”

गेनबा धनगर! मागं दोन-तीनशे मेंढरं, चार कुत्री आणि तीन घोड्या. घोड्यांवर अख्खं बिऱ्हाड लादलेलं. घोंगड्या, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर गेनबाची नात, राज्याभिषेक झाल्यासारखी.

दिवाळी झाली की गेनबा गाव सोडून कोकणाच्या वाटेला लागायचा, आणि वाटेत या रानात मेंढरं बसवायचा. मेंढरं बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरीच धनगराला धान्य देतो. हे दरसाल चालायचं. सर्जेरावांना ते आठवलं नाही, कारण आठवायचं खातं शालूकडं होतं.

“आज?” त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

“आजच की! वैनींनी गेल्या साली शबूद दिलाय. वरच्या तुकड्याला खत कमी पडतंय, तितंच बसवा म्हणल्या.” गेनबानं तंबूंकडं बघितलं. “लगीन हाय व्हय घरात?”

“न्हाई. पाव्हणं हायत.”

“मग ऱ्हाऊ द्या की तंबू. मेंढरं भवतीनं बसत्याल.”

गेनबाची बायको वेणूबाई कोंबड्यांचे पाय सोडत होती. तिनं इकडंतिकडं बघितलं. “वैनी कुठं हायत, आबा?”

“घरी,” सर्जेराव म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

आता मात्र पंचाईत झाली. पृथ्वीराजचं बुकिंग मोबाइलवर होतं, शालूचं तोंडी होतं. पण शालूचं आधीचं होतं! गेनबाला परत फिरवणं त्यांना जमेना. मग त्यांनी डोकं चालवलं. तंबूच खालच्या तुकड्यात हलवू! पाहुण्यांना वरचं-खालचं काय कळतंय?

खालच्या तुकड्यात शेजाऱ्यानं वाट्यानं लावलेलं भात नुकतंच काढलं होतं. माती घोट्यापर्यंत ओली. गेनबानं दोन तंबू गादी-दिव्यासकट उचलून आणून रोवले आणि तो मेंढरांकडं गेला. तिसरा सर्जेरावांनी स्वतः घेतला. वाकवलेली काठी सुटली, फाडकन त्यांच्या पाठीत बसली, आणि तंबू उभा राहण्याऐवजी सर्जेराव त्यात आडवे झाले!

नेमकं त्याच वेळी वरच्या वळणावर पृथ्वीराजची गाडी चरात फसली. हॉर्न थांबला. घोडी थांबली. आणि खालून गेनबाच्या घोड्या खिंकाळल्या!

लक्ष्मी रोडच्या घोड्यांनी कान टवकारले. हॉर्न नाही, टाच नाही, गूळ नाही. तिन्ही जी सुटली ती सुटलीच! कापडात गुरफटलेल्या सर्जेरावांना फक्त आवाज येत होते.

“थांबव! अरे थांबव ना!”

“ब्रेक कुठे आहे याला?”

टापा त्यांच्या उशाशेजारून गेल्या, बांध चढल्या आणि वरच्या तुकड्यात जाऊन थांबल्या. गेनबानं अभिनवला पोत्यासारखा खाली घेतला. पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं. घोडी होती, चूल होती, अंथरलेल्या घोंगड्या होत्या. हाच आपला कॅम्प!

“वॉव!” प्रियदर्शनी म्हणाली. “फोटोपेक्षा भारी आहे!”

“चेक-इन कुठे करायचं?” अभिनवनं विचारलं.

“बसा की,” गेनबा म्हणाला. झालं चेक-इन.

“आणि वॉशरूम?”

गेनबानं हात फिरवून अख्खा डोंगर दाखवला. “पर लई लांब जाऊ नगा. कुत्री अजून तुमास्नी वळकत न्हाईत.”

वेणूबाईला वाटलं, आबांचे पाहुणे म्हणजे घरचेच. तिनं उत्कर्षाच्या मांडीवर कोकरू टाकलं. “ए पोरी, बसलीस काय? ह्याला धर, मी भाकरी टाकते.”

“ॲक्टिव्हिटी सुरू झाली वाटतं!” उत्कर्षा हरखून म्हणाली.

अभिनवला गेनबानं मेंढरांभोवतीच्या जाळीचे खुंटे ठोकायला लावलं. “असा धोंडा धरत्यात व्हय? आईनं दूध पाजलं का च्या?”

“यांचा फीडबॅक फार डायरेक्ट आहे,” अभिनव बायकोला म्हणाला. पण ठोकत राहिला.

सर्जेराव तंबूतून सुटून धावत वर आले. अंगभर चिखल, मिशीत भाताचं काड. “अहो, तुमची जागा ही न्हाई...” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर प्रियदर्शनी मोबाइलला सांगत होती, “खरं सांगते, मी इतके कॅम्प केले, पण इतका जेन्युइन एकही नाही!”

सर्जेरावांनी तोंड मिटलं. रान वाचत होतं!

“हे कोण?” तिनं विचारलं.

“मालक हायत,” गेनबा म्हणाला.

“मेकअप मस्त केलाय,” प्रियदर्शनी म्हणाली.

चुलीवर भाकरी होत आल्या तेव्हा पृथ्वीराज आणि संतोष पायी आले, गाडी तिथंच सोडून.

“आबा, तंबू कुठे आहेत?”

“खाली.”

“पाहुणे?”

“वर.”

“मग तंबूत उजेड कसा? आत कोण आहे?”

पृथ्वीराजनं जाऊन चेन उघडली. त्यानं लावून ठेवलेल्या दिव्याखाली, गादीवर, दोन व्यालेल्या मेंढ्या कोकरांना घेऊन बसल्या होत्या. वेणूबाईला ती गादी पाहुण्यांपेक्षा बाळंतिणींना जास्त गरजेची वाटली होती. एक मेंढी ‘आपले स्वागत आहे’ असं छापलेलं कार्ड खात होती. ‘आपले’ संपलं होतं.

“गेलं! सगळं गेलं!” पृथ्वीराज वर पळणार, तोच सर्जेरावांनी त्याची बाही धरली.

“गप बस. ती खूश हाय.”

आणि खरंच होती. सकाळी तिघांच्या केसांत लोकर होती, अभिनवचे बूट कुत्र्यानं नेले होते आणि तिघंही हसत होते. चरातून काढलेली गाडी गावात पाठवून सर्जेरावांनी ज्वारीची दोन पोती आणवली आणि त्यातलं एक गेनबासमोर ठेवलं. अभिनव हिशेबी माणूस. त्यानं विचारलं, “एक मिनिट. हे लोक इथे राहिले म्हणून तुम्ही यांना ज्वारी देताय?”

“हो.”

“आणि आम्ही इथे राहिलो म्हणून आम्ही तुम्हाला पैसे दिले?”

गेनबा चकित होऊन सर्जेरावांकडं वळला. “ह्यांनी पैसं दिलं? निजायचं?”

“दिलं.”

गेनबानं तिघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “बराबर हाय,” तो म्हणाला. “ह्यांचं खत काय पडणार!”

प्रियदर्शनी हसता हसता घोंगडीवर आडवी झाली. तिनं तिथल्या तिथं पाचपैकी पाच दिले. पाहुणे निघायच्या आत पुढच्या शनिवारसाठी चाळीस जणांची विचारणा आली. अट एकच, हेच काका, हीच मावशी, हीच मेंढरं.

पृथ्वीराज धावत गेनबाकडं गेला. “काका, मे महिन्यापर्यंत इथेच थांबा. महिन्याला पगार देतो!”

“आन मेंढरं काय खात्याल? तुमचं तंबू?” गेनबा घोडीवर भांडी लादत होता. “कोकणात चारा हाय. आमी निघालो.”

“मग मी लोकांना काय दाखवू?”

“तुमी हायसा की. मागनं पों पों करा.”

पृथ्वीराजचा चेहरा उतरला. तो बापाकडं आला. “आबा, ऐकलंत? ती छान म्हणाली ते यांच्या कॅम्पला. आपल्या नाही. हे गेले की संपलं. उद्या सोमवार. सही.”

मुलाचं चूक नव्हतं. तेवढ्यात गेनबा पगोटं सारखं करत आला.

“आबा, येतो. तेवढा वैनींचा पुढल्या सालचा शबूद ऱ्हायला. फोन लावता का त्यास्नी?”

सर्जेरावांनी बांधाकडं बघितलं.

“गेनबा, ती न्हाई. वैशाखात गेली.”

वेणूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मेंढरं तेवढी ओरडत होती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“काल तर घरी म्हणलासा,” गेनबा हळूच म्हणाला.

“म्हणलो खरं.”

वेणूबाईनं पदर डोळ्यांना लावला. गेनबा पायानं ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, “तर मग आता शबूद कुनाचा?”

“माझा,” सर्जेराव म्हणाले. शालू बोलायची तसं ते ठासून बोलायला गेले. “पुढल्या साली दिवाळी झाली की यायचं. आन मेंढरं खालच्या तुकड्यात बसवायची!”

“खाली लई वल असती, आबा,” वेणूबाई रडत रडत म्हणाली. “मेंढराचं खुर कुजत्यात. वैनींनी कदी खालचा सांगितला न्हाई.”

“मग कुठला?”

“वरचाच.”

“वरचाच,” सर्जेराव म्हणाले. “ठरलं.” आणि ठरलेलं पुन्हा कुणी बदलू नये म्हणून त्यांनी स्वतः गाडीपर्यंत जाऊन दुसरं पोतं ओढत आणलं. “हे पुढल्या सालचं. आत्ताच घेऊन जा.”

पृथ्वीराज हे सगळं उभा राहून ऐकत होता. आता म्हणाला, “आबा, हे काय केलंत?”

“बुकिंग.”

“अहो, रान विकायचंय आपल्याला!”

“आता कसं विकणार? बुक हाय.”

तेवढ्यात पृथ्वीराजचा मोबाइल वाजला. रविवार होता, तात्याराव पेढे घेऊन वारज्याला पोचले होते आणि घराला कुलूप होतं.

“हॅलो, तात्याराव... नाही, उद्या सहीचं नाही जमणार... रान बुक झालंय हो, पुढच्या वर्षाचं... आबांनीच केलं, परस्पर.” पृथ्वीराजनं बापाकडं बघितलं. मग गेनबाच्या घोडीवर चढत असलेल्या पोत्याकडं बघितलं आणि एक सुस्कारा सोडला. “ॲडव्हान्स? नाही, घेतला नाही. दिलाय.”